तेरीज जुळेना तेव्हा

तेरीज जुळली नाही की पतसंस्थेतून कुणी घरी जात नाही. नावे आणि जमा, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायलाच हवी. फरक एका पैशाचा असो की एका लाखाचा, तो निघेपर्यंत दिवस संपत नाही. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडसारख्या गावात दुकानदारापासून शेतमजुरापर्यंत प्रत्येकाचं कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेत नाहीतर विकास सोसायटीत खातं असतं, आणि हा नियम तिथे संगणक यायच्या कितीतरी आधीपासून पाळला जातो. जुन्या दिवाणजींकडे फरक शोधण्याच्या खुणा असायच्या. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा; ५४०० च्या जागी ४५०० पडले की फरक येतो ९००. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद कीर्दीत सापडली तर ती जमेऐवजी नावे पडली असणार. म्हणजे फरकालाच विचारायचं, बाबा, तू कुठून आलास? बरेचदा तो सांगायचा.

१९९० च्या दशकात पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांच्या कार्यालयांत संगणक येऊ लागले आणि कीर्द-खतावणी डीबीएफ नावाच्या डेटाबेस फायलींत गेली. डीबेस, फॉक्सबेस, क्लिपर, फॉक्सप्रो ही त्या काळच्या प्रोग्रामरची घरातली नावं. या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे वेन रॅटलिफ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेला ‘व्हल्कन’ हा प्रोग्राम. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो डीबेस या नावाने विकला, आणि जगभरच्या छोट्या संस्थांना स्वतःचा हिशेब स्वतःच्या टेबलावर करता येऊ लागला. फॉक्सप्रो पुढे १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची. अधिकृत आधार २०१५ मध्ये संपला, तरी त्यात लिहिलेले प्रोग्राम काही त्या दिवशी बंद पडले नाहीत.

संगणक आला, पण तेरीज न जुळण्याचं दुखणं गेलं नाही. फक्त त्याची जागा बदलली. आता कीर्दीतून खतावणीत उतरवताना आकड्यांची अदलाबदल होत नाही, बेरीज चुकत नाही. चूक होते ती प्रोग्रामच्या एका तुकड्याने दुसऱ्या तुकड्याला हाक मारली आणि तो काम करून परत आला, त्या येण्याजाण्यात.

त्या तुकड्याला सबरुटीन म्हणतात. फॉक्सप्रोवाले प्रोसिजर म्हणतात. व्याज आकारायची रीत एकदाच लिहून ठेवायची आणि बचत, मुदत ठेव, सोनेतारण, पीककर्ज जिथे लागेल तिथून तिला बोलवायचं, इतकी साधी कल्पना. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला, आणि तिथल्या डेव्हिड व्हीलर या तरुणाने लगेच प्रश्न सोडवायला घेतला तो हा: सबरुटीनला दहा ठिकाणांहून बोलावलं, तर काम संपल्यावर तिने परत कुठे जायचं? व्हीलरने युक्ती काढली. बोलावणाऱ्याने जाताना आपला पत्ता बरोबर द्यायचा, आणि सबरुटीनने आत शिरताच त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटच्या ओळीत बसवायची. ‘व्हीलर जंप’ म्हणून ही युक्ती संगणकाच्या इतिहासात नोंदली गेली. व्हीलर, त्यांचे प्रमुख मॉरिस विल्क्स आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रोग्राम लेखनावरचं पुस्तक काढलं, त्यात सबरुटीनचा संग्रह आणि चुका शोधण्याच्या पद्धती दोन्ही शेजारी शेजारी होत्या. हे शेजारपण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

व्हीलरने परतीच्या पत्त्याचा प्रश्न मिटवला. पण एडसॅकवर बहुतेक गणितं चालत. एका सबरुटीनला संख्या दिली, तिने उत्तर दिलं, संपलं. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये मात्र सबरुटीन नुसता आकडा घेऊन येत नाही. ती फाइल उघडते, एखाद्या खातेदाराच्या नोंदीवर जाऊन उभी राहते, शिल्लक बदलते, दुसरी फाइल बंद करते. परत येताना ती बरोबर ठिकाणी येते, पण मागचं सगळं जिथल्या तिथे ठेवून येते का? याची हमी व्हीलरच्या युक्तीत नाही. डेटाबेसच्या प्रोग्राममधल्या बहुतेक गूढ चुका या एका न दिलेल्या हमीत सापडतात.

एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. समजा, एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाचा दर १२ टक्के आहे आणि थकबाकीदाराला २ टक्के जादा दंडव्याज. प्रोग्रामर मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला दर एकदाच वाचतो, १२, आणि मग एकेका कर्जदारासाठी व्याजाच्या प्रोसिजरला हाक मारतो: डू व्याज विथ मुद्दल, दर, दिवस. प्रोसिजर बघते, हा थकबाकीदार आहे का. असेल तर दरात २ मिळवते, व्याज काढते, परत येते. प्रोसिजर एकटी चालवून बघा, उत्तर अचूक. एक लाखावर ९० दिवसांचे १२ टक्क्यांनी २९५८ रुपये ९० पैसे, थकबाकीदाराला १४ टक्क्यांनी ३४५२ रुपये ५ पैसे. कागदावर मांडून तपासलं तरी तेच.

मार्चअखेरीला संस्थेतून फोन येतो. प्रोग्रामर जयसिंगपूरहून एसटीने येतो, व्यवस्थापक दारातच गाठतात.

“सर, गेल्या महिन्यापर्यंत बरोबर येत होतं की ओ.”

“काही बदल केलाय का मधे?”

“कायबी नाही. तेच कर्जदार, तोच दर. फक्त दोघं थकलेत या महिन्यात.”

शेवटचं वाक्य व्यवस्थापक सहज बोलून जातात, पण रोग नेमका तिथे आहे. छापील यादी पुढ्यात घेऊन बसलं की दिसतं, पहिल्या पानावरचे सगळे कर्जदार बरोबर आहेत. मग एक थकबाकीदार येतो, तोही बरोबर. त्याच्या खालचा साधा, नियमित भरणारा माणूस मात्र चुकलेला. लाखामागे ४९३ रुपये १५ पैसे जास्त. त्याच्या पुढचाही तसाच. दुसरा थकबाकीदार येतो आणि त्याला १६ टक्के लागतात, आणि त्याच्याही खालच्या नियमित माणसांना १६ च. जिना चढावा तसा दर एकेक पायरी चढत गेलेला असतो.

४९३ रुपये १५ पैसे या आकड्याशी थोडं थांबलं पाहिजे. एक लाखावर ९० दिवसांचे २ टक्के काढले तर नेमके इतकेच येतात. जुन्या दिवाणजींची नऊची खूण इथे नव्या रूपात काम करते: फरक कशाचा आहे हे ओळखलं की चूक कुठल्या ओळीत आहे हे जवळजवळ कळतंच. या भाषांत ‘डू’ आणि ‘विथ’ लावून प्रोसिजरला व्हेरिएबल दिलं की त्याची प्रत जात नाही, मूळ वस्तूच हातात दिली जाते. प्रोसिजरने दरात २ मिळवले ते मुख्य प्रोग्रामच्याच दरात मिळवले, आणि परतताना ते उतरवले नाहीत. उपाय म्हणाल तर दोन कंस. दर हा शब्द कंसात घातला की नुसती किंमत जाते, मूळ जागेवर हात पोचत नाही. विचारात पाडणारी गोष्ट अशी की हीच प्रोसिजर फॉक्सप्रोमध्ये फंक्शन म्हणून बोलावली असती तर एरवीच्या सेटिंगमध्ये किंमतच गेली असती आणि चूक झालीच नसती. चूक प्रोसिजरमध्ये नव्हती. बोलावण्याच्या रीतीत होती.

चूक एकीकडे आणि ती दिसणं दुसरीकडे, हे कुरुंदवाडकरांना फार समजावून सांगायला नको. पंचगंगा गावाजवळून पुढे जाऊन कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरत नाही, फुगवटा येतो आणि पाणी मागे मागे शेतात, गल्ल्यांत चढतं. पाणी दिसतं एका ठिकाणी, अडलेलं असतं दुसऱ्या ठिकाणी. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्याने ते सोसलं आहे. चुकीच्या व्याजाची ओळही अशीच असते. ती ज्या कर्जदाराच्या नावापुढे दिसते, त्याच्या हिशेबात काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड त्याच्या आधीच्या माणसापाशी, संगमावर झालेला असतो. म्हणून ज्या खात्यात फरक सापडला त्याच खात्याची प्रोसिजर तपासत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं ठामपणे म्हणावं लागतं. पहिली बरोबर ओळ आणि पहिली चुकलेली ओळ यांच्या मधे बघायचं.

आता पिग्मी. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत दररोज अगदी दोन आण्यांपासून ठेव गोळा करायची योजना सुरू केली, आणि ती पद्धत दक्षिण महाराष्ट्रात इतकी रुजली की पिग्मी एजंट हा बाजारपेठेतला ओळखीचा माणूस झाला. एजंट संध्याकाळी दिवसभराचा भरणा आणतो, क्लार्क तो पिग्मीच्या फायलीत घालतो, आणि प्रोग्राम एकेक नोंद उचलून खात्यांच्या फायलीत जमा करतो. इथे दोन फायली आल्या. डीबेस थ्रीमध्ये एका वेळी १० फायली उघडता येत, प्रत्येक फाइल आपापल्या ‘वर्क एरिया’त, आणि त्यांतली एकच एका वेळी चालू. ‘पुढची नोंद’ म्हटलं की त्या क्षणी जो वर्क एरिया चालू असेल त्यातली पुढची नोंद. मुख्य प्रोग्राम पिग्मीच्या फायलीत उभा आहे. तो जमा करणाऱ्या प्रोसिजरला बोलावतो. ती खात्यांच्या फायलीकडे वळते, खातं शोधते, शिल्लक वाढवते आणि परत येते. पण निघताना पिग्मीकडे परत वळायचं राहून जातं. मुख्य प्रोग्राम बिचारा समजतो की आपण अजून पिग्मीतच आहोत. तो म्हणतो, पुढची नोंद. मिळते ती खात्यांच्या फायलीतली.

पुढे काय होतं ते नशिबावर असतं. पिग्मीत असलेलं एखादं रकान्याचं नाव खात्यांत नसेल तर प्रोग्राम ओरडून थांबतो, ‘व्हेरिएबल नॉट फाउंड’. ही नशिबाची गोष्ट. दोन्हीकडे ‘रक्कम’ नावाचा रकाना असेल तर कुणी ओरडत नाही. भरण्याची रक्कम म्हणून एखाद्याची अख्खी शिल्लक उचलली जाते आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. चहाच्या गाडीवाल्याने ५० रुपये भरलेले असतात आणि भलत्याच्याच पासबुकात भलताच आकडा छापून निघतो. डेटाबेसच्या कामात ओरडणारी चूक ही सज्जन चूक. गप्प बसणारीने माणसांचे पैसे हलवलेले असतात.

यावरचा इलाज जुना आणि कंटाळवाणा आहे, आणि तरीही याच्याइतका चांगला दुसरा नाही. प्रोसिजरच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवायचं: कुठला वर्क एरिया चालू होता, कितव्या नोंदीवर होतो, कुठली अनुक्रमणिका लावलेली होती. शेवटच्या ओळीत ते सगळं परत तसं करायचं. आणि शोध घेताना हीच माहिती हाकेच्या आधी एकदा आणि हाकेनंतर एकदा कागदावर उतरवायची. फॉक्सप्रोमध्ये त्यासाठी सगळं हाताशी होतं. अलायस विचारला की चालू फायलीचं नाव, रेकनो विचारला की नोंदीचा क्रमांक, डिस्प्ले मेमरी म्हटलं की एकूण एक व्हेरिएबल. सेट स्टेप ऑन केलं की प्रोग्राम ओळीओळीने चालवता येई. पण नोंदी हजारांत असतात आणि चूक तीनशे सत्ताविसाव्या नोंदीला निघणार असते, तेव्हा ओळीओळीने चालवणारा माणूस थकतो आणि नेमक्या वेळी त्याची नजर हलते. म्हणून अनुभवी लोक ही माहिती मजकूर फायलीत लिहवून घेत आणि डॉट मॅट्रिक्सवर त्या लांबलचक कागदाची गुंडाळी काढून पट्टीने खुणा करत बसत. आधीची ओळ आणि नंतरची ओळ जिथे जुळत नाही, तिथे बोट.

एक गोष्ट मात्र त्याआधी करायची. वीज गेली असेल तर अनुक्रमणिकेची फाइल बिघडलेली असू शकते, आणि मग खातं असूनही सापडत नाही, आणि प्रोसिजर तेच खातं नव्याने उघडून बसते. भारनियमनाच्या वर्षांत हे वरचेवर व्हायचं. रीइंडेक्स केल्याशिवाय प्रोसिजरला दोष देऊ नये.

नावांचा घोळ ही आणखी एक जात. फॉक्सप्रोत फायलीतल्या रकान्याचं नाव ‘दर’ असेल आणि प्रोग्रामरने तसंच ‘दर’ नावाचं व्हेरिएबल केलं असेल, तर ‘दर बरोबर १४’ असं लिहिलं की १४ जातात व्हेरिएबलमध्ये. पण पुढच्याच ओळीत दर वाचला की फॉक्सप्रो रकान्याला मान देतं आणि १२ आणून देतं. लिहिलं एकीकडे, वाचलं दुसरीकडे. यात प्रोसिजर आली की घोळ आणखी वाढतो, कारण बोलावण्याआधी एक फाइल चालू असते आणि आत गेल्यावर दुसरी. एकाच नावाचा अर्थ उंबरठा ओलांडताना बदलतो. नावाआधी एम आणि टिंब लावलं की व्हेरिएबलच हवं हे सांगता येतं. अनेक प्रोग्रामरांनी ते लावायची सवय अशी एखादी रात्र घालवल्यावरच लावून घेतली.

क्लिपरला तर नावाची पहिली १० अक्षरंच कळत. प्रोग्राम रोमन लिपीत लिहायचा, आणि ‘व्याजथकीत’ रोमनमध्ये लिहिलं की बरोबर १० अक्षरं भरतात. पुढे ‘जुने’ लावा नाहीतर ‘नवे’ लावा, क्लिपरच्या लेखी दोन्ही एकच. जुन्या थकीत व्याजावर नवं थकीत व्याज येऊन बसतं आणि प्रोग्रामरच्या डोळ्यांना मात्र दोन वेगळी नावं दिसत राहतात. त्यातून जे व्हेरिएबल प्रोसिजरपुरतं म्हणून जाहीर केलेलं नसेल, ते आत बोलावलेल्या सगळ्यांना दिसतं आणि बदलताही येतं. मुख्य प्रोग्राम मोजणीसाठी ‘आय’ वापरतो, आतल्या प्रोसिजरलाही मोजायला ‘आय’च सुचतो. परत आल्यावर मुख्य प्रोग्रामची मोजणी पाचावरून एकदम चाळिसावर. ‘लोकल’ म्हणजे फक्त आपल्यापुरतं, असं सांगायची सोय क्लिपरमध्ये १९९० साली पाचव्या आवृत्तीत आली. फॉक्सप्रोवाल्यांना त्यासाठी १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोपर्यंत थांबावं लागलं. तोपर्यंत सगळा भार शिस्तीवर होता.

उसाच्या पट्ट्यात या सगळ्याला वजनाची आणि दराची जोड मिळते. केंद्र सरकार उसाची किमान किंमत, म्हणजे एफआरपी, जाहीर करतं ती क्विंटलला. शेतकरी आणि कारखाना बोलतात टनाच्या भाषेत. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ३२ पैसे जादा. कोल्हापूर भागात १२ च्या पुढचा उतारा नवलाचा नाही. उतारा १२.२५ धरला तर २० टप्पे होतात, आणि टनाचा दर ४०६४ रुपये; तोडणी-वाहतूक त्यातून वजा व्हायची. आता समजा, मूळ दर टनात, म्हणजे ३४००, देणारा एक तुकडा आहे आणि जादा रक्कम काढणारी सबरुटीन क्विंटलचा आकडा देते. ती ३.३२ ला २० ने गुणून ६६ रुपये ४० पैसे देते, मुख्य प्रोग्राम ते मिळवतो, टनाला ३४६६ रुपये ४० पैसे. दोन्ही तुकडे आपापल्या जागी निर्दोष. आणि उत्तर ओरडत नाही. ३४६६ हा दर कुणालाही दिसायला बरा वाटतो. शेतकऱ्याचे मात्र टनामागे ५९७ रुपये ६० पैसे गेलेले असतात, शंभर टनांवर ५९ हजार ७६० रुपये. ज्या शिरोळ तालुक्यात उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरून आंदोलनं झाली, तिथे हा आकडा काय आहे हे सांगायची गरज नाही.

असा मापांचा घोळ अमेरिकेच्या अवकाश संस्थेलाही भोवला आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाकडे पाठवलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हातचं गेलं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्राम इंग्रजी मापांत आकडे देत होता आणि ते घेणारा मेट्रिक मापांत आहेत असं धरून चालला होता. तिथेही दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने हिशेब बरोबरच करत होते.

शिरोळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. वारणेच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून परिसरातल्या ७० गावांत संगणक ठेवले, आणि शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन, तोडणीची पाळी, खताची माहिती गावातच मिळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलचा एसएमएस वापरून पाहिला. शेतकरी विचारत असलेली माहिती इतकी मोजकी होती की एका संदेशात मावत होती. प्रोग्रामरच्या नजरेने हा बदल बघण्यासारखा आहे: माहिती तीच, फाइल तीच, हाक मारणारा नवा. आधी संगणकाच्या पडद्यावरून हाक यायची, आता फोनवरून. आणि हाक मारणारा बदलला की आजवर गप्प असलेली गृहीतं उघडी पडतात. पडद्याने कधी रिकामा सभासद क्रमांक पाठवला नव्हता. फोनवरून येणाऱ्या संदेशात तो रिकामा असू शकतो, मधे जागा पडलेला असू शकतो, देवनागरी आकड्यांत असू शकतो. नवा दरवाजा काढला की आतल्या प्रत्येक प्रोसिजरला पुन्हा विचारावं लागतं, तुझ्याकडे काय काय येऊ शकतं?

आता डीबीएफच्या जागी ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, माय एसक्यूएल आले. भांडणाची जागा तीच राहिली, हत्यारं बदलली. ओरॅकलमध्ये प्रोसिजरला काय आत जायचं आणि काय बाहेर यायचं हे इन, आउट, इन-आउट असं तोंडावर लिहावं लागतं, त्यामुळे १२ चे १४ होण्याची वाट बरीचशी बुजली. पण नवी वाट तयार झाली. एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं, हे दोन्ही झालं तर पक्कं, नाहीतर काहीच नाही, असा व्यवहार मुख्य प्रोग्राम धरून चालतो. मधेच बोलावलेली एखादी प्रोसिजर आपलं काम झालं म्हणून स्वतःच ‘कमिट’ करून टाकते. पहिला अर्धा भाग पक्का होतो. पुढे काही अडलं तर मागे घ्यायला काही उरत नाही. तेरीज पुन्हा जुळत नाही.

त्याहून वाईट ओळ ‘व्हेन अदर्स देन नल’. कुठलीही चूक आली तर काही करू नकोस, असा तिचा अर्थ. एखाद्या घाईच्या संध्याकाळी, ग्राहकाच्या पडद्यावर लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून कुणीतरी ती लिहितं, आणि त्या दिवसापासून ती प्रोसिजर काहीही बिघडलं तरी ‘सगळं ठीक’ म्हणून परत येते. जो तिला बोलावतो त्याला कळायचा मार्गच उरत नाही. ओरॅकलने दहाव्या आवृत्तीपासून चूक मुळात कितव्या ओळीत झाली हे हाकांच्या साखळीसकट सांगायची सोय दिली; या एका ओळीपुढे ती सोयही निकामी. हिशेबाच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये ही ओळ असूच नये.

एसक्यूएल सर्व्हरमधला एक सापळा पावती क्रमांकाचा. पावती घातली की तिला आपोआप क्रमांक मिळतो, आणि प्रोग्राम लगेच विचारतो, शेवटचा क्रमांक कुठला? ‘अ‍ॅट अ‍ॅट आयडेंटिटी’ असं विचारलं तर वर्षानुवर्षं बरोबर उत्तर येतं. मग लेखापरीक्षक सांगतात की प्रत्येक बदलाची वेगळी नोंद ठेवा. म्हणून त्या टेबलाला ट्रिगर लावला जातो, तो गुपचूप दुसऱ्या टेबलात एक ओळ घालतो, आणि आता शेवटचा क्रमांक म्हणून येतो तो त्या दुसऱ्या टेबलाचा. खातेदाराच्या हातात भलत्याच क्रमांकाची पावती. प्रोग्रामच्या त्या भागाला कुणी हातही लावलेला नसतो. “कायबी बदललं नाही” हे व्यवस्थापकांचं वाक्य त्यांच्यापुरतं अगदी खरं असतं. ‘स्कोप आयडेंटिटी’ असं विचारलं असतं तर फक्त आपल्या हाकेतला क्रमांक मिळाला असता.

सध्या या दुखण्याचा मोठा भाग विकास सोसायट्यांच्या दारात आला आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे या सोसायट्यांच्याच, संगणकीकरणाची योजना मंजूर केली: ६३ हजार संस्था, २५१६ कोटी रुपये, नाबार्डच्या देखरेखीखाली देशभर एकच सामायिक प्रणाली. कुठे वह्यांतली, कुठे जुन्या फायलींतली खाती नव्या घरात न्यायची आहेत. आकडे नेणं सोपं आहे. जुन्या प्रोसिजरच्या पोटात जे नियम लिहिलेले असतात ते न्यायचे कसे? व्याज दिवसांवर काढायचं की महिन्यांवर, वर्ष ३६५ चं की ३६० चं, पैसे रुपयात कुठे वळते करायचे, प्रत्येक नोंदीला की शेवटी एकदा, हे बहुतेक ठिकाणी कागदावर नाही. ते फक्त प्रोग्राममध्ये आहे, आणि तो लिहिणारा माणूस कधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे.

म्हणून जाणकार प्रोग्रामर जुनी प्रणाली लगेच बंद करू देत नाहीत. किमान एक महिना दोन्ही शेजारी शेजारी चालवायच्या, तोच भरणा दोन्हीकडे घालायचा आणि महिनाअखेरीला नुसती एकूण तेरीज न बघता खातेवार यादी समोरासमोर ठेवायची, कारण एकाचं जास्त आणि दुसऱ्याचं कमी मिळून एकूण बेरीज जुळलेलीही दिसते. ज्या खात्यात फरक निघेल ते एकच खातं घ्यायचं. त्याच्यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये कुठल्या प्रोसिजरला, कुठले आकडे देऊन बोलावलं, आणि ती काय बदलून परत आली, ते ओळीने लिहून काढायचं. मग नव्या प्रोग्राममध्ये तेच. दोन कागद टेबलावर, शेजारी ज्यांना खातेदार नावानिशी माहीत आहेत ते सोसायटीचे सचिव, आणि पट्टी घेऊन पहिली ओळ.